लातूरच्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या लातूर आवृत्तीत दररोज सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, मोंढ्यातील तूर, हरभरा व सोयाबीनचे भाव आणि धरणातील पाणीसाठा छापून येतो. त्याच चौकटीत, निदान शुक्रवार आणि शनिवारच्या अंकात, कोकण किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या वेळाही द्याव्यात, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहरातील वाचक समुद्राच्या पाण्याचे वेळापत्रक मागतो आहे, हे वाचून आपल्या कार्यालयात हसू उमटेल, याची मला कल्पना आहे. तरीही ही मागणी मी गांभीर्याने करीत आहे, कारण तिच्यामागे माझ्याच घरच्या माणसांकडून घडलेली एक चूक आहे.

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारची सुटी धरून आम्ही घरचे सहा जण पुतण्याच्या गाडीने रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै येथे गेलो होतो. शुक्रवारी रात्री निघून बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णीवरून पुणे, पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि मंडणगडमार्गे दापोली, असा पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास झाला. हर्णैच्या शेजारी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड आहे आणि लातूरहून बार्शीकडे निघाले की आपले मुरूड लागते. पुतण्याने फोनच्या नकाशात नुसते ‘मुरूड’ असे लिहिल्यामुळे अर्ध्या तासातच ‘आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात’ असे ऐकावे लागले. रस्त्यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु त्याविषयीची पत्रे आपण वारंवार छापताच.

हर्णैला संध्याकाळी चारच्या सुमारास वाळूवर मासळीचा लिलाव भरतो. मी बाजार समितीत एकतीस वर्षे नोकरी केलेला माणूस असल्यामुळे इतरांचे लक्ष समुद्राकडे असताना माझे लक्ष सौद्याकडे होते. मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात. त्यांच्यावरचा माल लहान होड्यांत उतरवतात, तेथून तो बैलगाड्यांत येतो आणि गाड्यांतून वाळूवर. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात शांतपणे उभे असतात, लाट अंगावर आली तरी मान हलवीत नाहीत. देवणी आणि लाल कंधारी बैलांच्या मुलखात जन्म गेलेल्या माणसाला हे दृश्य किती वेळ पाहावे हे कळत नाही. पोळ्याला ज्यांना आपण नदीवर नेऊन धुतो, त्या जातीचे प्राणी येथे रोजच समुद्रात उतरून कष्ट करतात. मालाचे ढीग वाळूवर पडतात. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ, बोंबील असे प्रतवारी करून वेगवेगळे ठेवलेले. पुकारणारा बोली चढवत जातो, खरेदीदार मान किंवा बोट हलवून होकार देतात आणि एका ढिगाचा निकाल मिनिटाभरात लागतो. घाऊक माल बर्फात भरून टेम्पोत चढतो आणि उरलेल्याचे लहान वाटे करून बायका तेथेच किरकोळ विक्रीला बसतात. आडत्या, हमाल, मापाडी आणि खरेदीदार या सगळ्यांच्या जागी येथे कोण आहे, हे मला दहा मिनिटांत ओळखू आले. आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा होतो, येथे तो उघड्यावर होतो, एवढाच काय तो फरक वाटला. माल पिकवणाऱ्याने किंवा धरणाऱ्याने भाव सांगायचा नाही, तो इतरांनी ठरवायचा, ही रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे.

त्या दिवशी एकादशी होती. उपवासाच्या दिवशी मासळीच्या ढिगांमध्ये उभ्या असलेल्या माझी घरच्यांनी यथेच्छ थट्टा केली. ही गोष्ट मी येथे उगाच सांगत नाही. तिचा संबंध पुढे येईल.

मी लिलावात गुंतलेलो असताना पुतण्याने गाडी उतारावरून थेट वाळूवर घेतली. “काका, वाळू टणक हाय की, काय होतंय!” असे तो वरूनच ओरडला होता, आणि मीही त्याला थांबवले नाही, हे कबूल केले पाहिजे. ओहोटीच्या वेळी उघडी पडलेली ओली वाळू दिसायला आपल्या रानातल्या पायवाटेसारखी घट्ट दिसते, परंतु पाणी वर चढू लागले की तीच वाळू खालून सैल होते. किनाऱ्याकडेला उभी असलेली गाडी बघता बघता पुढच्या दोन्ही चाकांनी रुतली. रेस दिली तशी ती आणखी खाली गेली. दुर्दैव असे की, ती ज्या ठिकाणी रुतली तोच बैलगाड्यांचा पाण्यातून वर येण्याचा रस्ता होता. दोन भरलेल्या गाड्या पाण्यातच अडकून राहिल्या. चाकाखाली फळ्या घालून, दोरखंड बांधून, दहा-बारा जणांनी ढकलून आणि शेवटी ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर काढेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर लाटा दारापर्यंत आल्या होत्या.

गाडीचे जे नुकसान झाले ते आम्ही आमच्या पैशाने भरून काढू. खाऱ्या पाण्याने खालचा पत्रा आणि ब्रेकचे भाग गंजतात, असे लातूरला परतल्यावर गाडी धुणाऱ्याने सांगितले. मला बोचणारी गोष्ट निराळी आहे. अडकलेल्या दोन गाड्यांतला बांगडा आणि कोळंबी वाळूवर आली तेव्हा मोठ्या खरेदीदारांचे दोन टेम्पो भरून निघून गेले होते. राहिलेल्यांना घाई नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर त्या मालाची बोली आधीच्या ढिगांच्या बोलीपेक्षा बऱ्याच खाली सुरू झाली आणि तेथेच तुटली. सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी सौदा निघून गेल्यावर मोंढ्यात पोहोचला, वर आभाळ भरून आले असले, की त्याचे काय होते, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. सोयाबीन निदान ताडपत्रीखाली रात्र काढू शकते, मासळीला तीही सोय नाही.

ट्रॅक्टरवाल्याने डिझेलचे पैसे घेतले, आणि ते घेणे योग्यच होते. बोटमालकाला मी तुटीची भरपाई देऊ लागलो तेव्हा त्याने हात जोडून नकार दिला. शेजारी वाटे लावून बसलेल्या एका बाईंनी मात्र आम्हाला सोडले नाही. “तुमच्याकडं पाणी नाही म्हणतात, मग इथं पाणी बघून गाडी कशाला घालता?” असे त्या म्हणाल्या. नंतर काही वेळाने, राग ओसरल्यावर, दर शनिवारी-रविवारी अशी एखादी गाडी रुततेच आणि तिच्या पाटीवरचा जिल्हा तेवढा बदलतो, असेही त्यांनी सांगितले.

रात्री मुक्कामाच्या घरातील वयस्क मालकांनी मला जे समजावून सांगितले, ते प्रत्येक पंचांग वापरणाऱ्या घराला कळण्याजोगे आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. ही वेळ सकाळ आणि संध्याकाळ दोन्हींना लागू पडते आणि दोन भरतींच्या मध्ये सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी अधिक वर चढते व अधिक मागे हटते, अष्टमीच्या सुमारास ते कमी चढते. अर्थात हा ठोकताळा आहे. परंतु तो जरी आम्हाला ठाऊक असता, तरी एकादशीला दुपारी दोनच्या सुमारास पाणी पूर्ण मागे गेले असणार आणि साडेचार वाजता ते जोराने वर येत असणार, हे गाडी खाली घेण्यापूर्वीच कळले असते. मी उपवास केला होता, म्हणजे तिथी माझ्या चांगल्या लक्षात होती! पंढरीच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना एकादशी कळते, तिच्यातून समुद्र कळत नाही. आणि चाळिशीच्या आतल्या, गाडी चालवणाऱ्या पिढीला तर तिथीही कळत नाही, म्हणून छापील वेळेची गरज आहे.

यावर कोणी म्हणेल की, किनाऱ्यावर पाट्या लावाव्यात, दंड करावा. ते तेथील प्रशासनाने करावेच. परंतु आपल्या लोकांच्या मनात एक समज पक्का बसला आहे, तो पाटीने जाणार नाही. वाळू म्हणजे मोकळे मैदान, कोणाच्याही मालकीचे नाही, तेथे गाडी फिरवावी, फोटो काढावेत, असा तो समज आहे. वास्तविक हर्णैची वाळू म्हणजे खळे आहे. तेथे मालाची रास पडते, तेथेच प्रतवारी होते, तेथेच सौदा होतो. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बोंबील काठ्यांवर आणि जवळा जमिनीवर वाळत घातलेला असतो. आपण रस्त्यावर तूर-ज्वारी पसरतो आणि तिच्यावरून वाहने जातात, हे खरे आहे, पण खळ्यात मात्र आपल्याकडे आजही कोणी चप्पल घालून पाऊल टाकीत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही तुलना आता केवळ माझ्या मनातली राहिलेली नाही.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट. यांत्रिक बोटींना राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते, कारण तो अनेक जातींच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. आपल्याकडे मृगाची पेरणी चालू असते तेव्हा तेथे बोटी वर ओढून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत हौसेने तेथे जाऊन ताजे पापलेट का मिळत नाही म्हणून हुज्जत घालणारे पर्यटक असतात, असे मुक्कामाच्या मालकांनी सांगितले. पेरणीसाठी राखलेले बियाणे भाजून खायला मागणाऱ्याला आपण काय म्हणू? हंगाम बंद असल्याच्या तारखाही आपण त्या चौकटीत जूनपूर्वी एकदा द्याव्यात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग आहे. साहजिकच आपल्या भागातून तेथे जाणाऱ्या गाड्या यापुढे वाढतच जातील, आणि त्या वाढाव्यात असेच मला वाटते. आम्हीही रविवारी सकाळी होडीने किल्ल्याला जाऊन आलो. जवळच्या आंजर्ले येथे व उत्तरेकडे वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे किनाऱ्यावर खड्डे करून अंडी घालतात. वाळूतल्या टायरच्या खोल चाकोऱ्यांत अडकलेल्या पिल्लाला समुद्र गाठता येत नाही, म्हणून त्या किनाऱ्यांवर तर गाडी नेण्याचा विचारही नको.

तरी माझी विनंती पुन्हा नेमकेपणाने मांडतो. शुक्रवार व शनिवारच्या अंकात पाणीसाठ्याच्या चौकटीखाली दोन ओळी द्याव्यात. एका ओळीत हर्णै किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील शनिवार व रविवारच्या पूर्ण भरतीच्या व पूर्ण ओहोटीच्या वेळा आणि दुसरीत ‘लिलावाच्या वेळी वाळूवर वाहने नेऊ नयेत’ एवढे वाक्य. जागा कमी पडत असल्यास मोंढ्याच्या भावांतील करडईची ओळ वगळली तरी चालेल. तिची आवक आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे त्या भावांची नोंद ठेवलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो.

पुतण्याने हे पत्र वाचले आहे. गाडीचा क्रमांक छापू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आपला नियमित वाचक,
बाजार समितीचा एक निवृत्त कर्मचारी, लातूर