बेदाणा क्लस्टर : आधी चालवणारा ठरवा, मग इमारत बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाण्यासाठी सामायिक सुविधा केंद्र हवेच. केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर (एकाच भागातल्या एकाच धंद्याच्या उद्योगांचा समूह) योजनेत त्याला अनुदान मिळते. त्यासाठी साधारणपणे किमान २० उद्योग-घटकांची कंपनी लागते आणि एका घटकाकडे १० टक्क्यांहून जास्त भाग (शेअर) ठेवता येत नाहीत. ही अट काटेकोर पाळली पाहिजे, नाहीतर दोन-चार बडे व्यापारीच मालक होऊन बसतात.

खरी अडचण उद्घाटनानंतर येते. यंत्रे मुख्यतः अनुदानातून येतात, वीजबिल आणि पगार नाही. बेदाणा तयार होतो मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. धुणे, प्रतवारी, पॅकिंगची यंत्रणा उरलेले महिने थंड पडली तर कर्जाचे हप्ते कोण भरणार? म्हणून शीतगृहातला माल वर्षभर टप्प्याटप्प्याने केंद्रावर आणण्याचे लेखी करार कर्जमंजुरीआधीच करावेत.

केंद्राच्या दारात आर्द्रतामापक हवाच. सुकवण्याच्या रॅकवरून घाईने उतरवलेल्या मालात १५-१६ टक्क्यांहून जास्त ओल राहिली, तर बॉक्समध्ये दाणे चिकटतात, काळे पडतात आणि सगळ्या लॉटचा भाव पाडतात. असा माल परत पाठवण्याचा अधिकार केंद्रचालकाला असावा, मग तो संचालकाचा का असेना!

शासनाने निर्वेध जागा दीर्घ भाडेपट्ट्याने, पक्का रस्ता आणि स्वतंत्र वीजवाहिनी द्यावी. खेळते भांडवल आणि व्यावसायिक चालक सभासदांनी आणावा. प्रकल्प अहवालात या दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्यांच्या तारखा लिहूनच सह्या व्हाव्यात.

– एक बेदाणा उत्पादक, तासगाव (जि. सांगली)