डोंगर फोडणारा मोकळा आणि पडवी वाढवणारीला नोटीस: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या दारावर नोटीस चिकटवून गेले. घरात सासूबाई एकट्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. लाईटचं बिल असेल म्हणून त्यांनी तो कागद तसाच राहू दिला. संध्याकाळी मी खाचरातून आल्यावर वाचला. घरामागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड अनधिकृत आहे, पंधरा दिवसांत स्वखर्चाने काढा, नाहीतर आम्ही पाडू आणि पाडायचा खर्चही तुमच्याकडूनच वसूल करू, असं त्यात आहे.

साहेब, त्या दोन खोल्यांत मी पाहुणे ठेवते. जावळी तालुक्यात, कासच्या फुलांच्या पठारावरून बामणोलीकडे उतरताना लागणाऱ्या एका गावात आमचं घर आहे. फुलं बघून वासोटा किल्ल्याला जाणारी माणसं रात्री आमच्याकडे थांबतात. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, खरडा, सकाळी आंबील. माझे मालक नवी मुंबईच्या बाजारात माथाडी होते. पाठ गेली तसे गावी परतले. या खोऱ्यातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, हवं तर कुठलंही दार वाजवून विचारा. मुलाने पुण्यात नोकरी धरली. मी गळ्यातलं मोडलं, सोसायटीचं कर्ज काढलं आणि वडिलोपार्जित घराच्या मागे, आमच्याच परड्यात, या खोल्या बांधल्या. दाखल्यासाठी ग्रामसेवक, तलाठी, तहसील असे हेलपाटे घातले. प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचं नाव सांगितलं गेलं.

पावसाळ्याआधी तालुक्याला बैठक झाली होती. एका मोठ्या अधिकाऱ्याने माईकवरून सांगितलं होतं की स्थानिकांच्या दोन-चार खोल्यांना कुणी हात लावणार नाही, कारवाई होईल ती डोंगर फोडणाऱ्यांवर. आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नोटीस आली ती मला, माझ्या चुलत जावेला आणि खालच्या आळीतल्या एका विधवेला, जी पाहुण्यांना चहा-भजी विकते. डोंगर अजून फोडला जातो आहे. आज सकाळी हे लिहितानाही वरून पोकलेनचा आवाज येतोय.

वर कोण आहे ते सांगते. गावाच्या डोक्यावरची जमीन दलालांमार्फत तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. ज्यांनी विकली त्यांना मी दोष देत नाही, कुणाच्या घरात आजारपण होतं, कुणाला मुलीचं लग्न होतं. आता तिथे मोठं रिसॉर्ट उभं राहतंय. रस्ता काढायला उतार कापला आणि निघालेला मुरूम-डबर सरळ खाली ढकलून दिला. पहिल्या मोठ्या पावसात तो चिखल आमच्या भाताच्या खाचरांत उतरला. आवण, म्हणजे भाताची रोपं, गाडलं गेलं. तेवढं झालं असतं तर एक वर्षाचं नुकसान म्हणून सोसलं असतं. पण त्या भरावाखाली आमचा झरा गेला.

हा झरा म्हणजे काय, ते तुमच्या खात्यात कुणाला माहीत आहे का? हा पठारी मुलूख वरून जांभ्या दगडाचा आहे. जांभा पाणी पितो. पावसाळ्यात जे कोसळतं ते या दगडात मुरतं, खालच्या काळ्या कातळाला अडतं आणि दोन दगडांच्या सांध्यातून पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं. आमची गावं जिथे वसली, तिथे ती या सांध्यामुळे वसली. पठारावर माती वीतभरसुद्धा नाही. वरून बघणाऱ्याला ती पडीक जागा दिसते, सात-बारावरही बहुतेक ठिकाणी पोटखराबाच लिहिलेला असतो. ती पडीक जागा आमची पाण्याची टाकी आहे. वर पाया खोदला, दगड फोडला, बोअर मारली की ती टाकी फुटते. रिसॉर्टवाल्याला त्याचं काय? तो टँकर मागवेल. आम्हाला ऐन श्रावणात खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणावे लागताहेत. माझ्या सासूबाईंच्या आठवणीत तो झरा कधी आटला नव्हता. दुष्काळातही नाही.

तक्रार केली. पंचनामा करायला जे आले, त्यांनी खाचराचे फोटो काढले. झरा दाखवते म्हटलं, तर तो आमच्या विषयात येत नाही म्हणाले. मग तो कुणाच्या विषयात येतो, हे एकदा मला लेखी सांगा. भूजलाचा कायदा राज्याने २००९ साली केला. पुण्यात भूजल सर्वेक्षणाची एक आख्खी यंत्रणा बसलेली आहे. त्यातला एक भूवैज्ञानिक कुठल्या रिसॉर्टला परवानगी देण्याआधी वरचा डोंगर चढून आलाय का?

सरकारच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार असे आकडे आहेत. १८ लाखांत मी आहे का? आज आमच्या गावातली पोरं वरच्या बांधकामावर रोजंदारीने खडी वाहतात. उद्या तिथेच गेटवर उभी राहतील नाहीतर चादरी बदलतील. ज्या जमिनीचे ते धनी होते तिथे गणवेश घालून पाहुण्यांना सलाम करतील, आणि सरकार तो रोजगार म्हणून मोजेल. माझ्या दोन खोल्यांत मी, माझी जाऊ, दूध घालणारी शेजारीण, लाँच चालवणारा दीर, एवढी घरं चालत होती. ती कुठल्या रकान्यात धरली?

आता ‘नवीन महाबळेश्वर’ या सरकारच्या नव्या गिरिस्थान प्रकल्पाबद्दल बोलते. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमून सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतली २३५ गावं त्यात घेतली, ११५३ चौरस किलोमीटर. पुढे आणखी गावं जोडायचं चाललं ते वेगळंच. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीचा जो भाग केंद्राने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तो जेमतेम १२४ चौरस किलोमीटरचा आहे. त्या १२४ मध्ये काय झालं ते मे महिन्यात वेण्णा लेकच्या रस्त्यावर गाडीत अडकून बसल्यावर कुणालाही कळेल. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, आणि उन्हाळ्यात तिथे पाण्याची ओरड. उच्चस्तरीय सनियंत्रण समिती असूनही जंगलात इमारती उठल्या. एवढासा तुकडा ज्यांना सांभाळता आला नाही, त्यांनी त्याच्या नऊपट डोंगर हातात घेतलाय. आणि नाव ‘नवीन महाबळेश्वर’. जुन्याचं जे झालं तेच परत करायचंय का?

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. पाहुणे आले तर माझी चूल पेटते, विरोध करून जाऊ कुठे? चांगलं काय असतं तेही याच जिल्ह्यात दिसतं. भिलारला ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. कुणी डोंगर कापला नाही. लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकं ठेवली, घरमालकाने ओटा दिला, वाचायला आलेला माणूस त्याच्याकडेच जेवला. कासचं बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारसा झालं, त्याआधीपासूनच तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग आणि फुलांवर लोळणारी माणसं. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं, आणि ते सांभाळायला कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांतली माणसं वनखात्याच्या संयुक्त व्यवस्थापन समितीत बसली. हंगामात तिकीट फाडणारा, वाट दाखवणारा, गाड्या लावणारा गावातलाच असतो. त्यातही चुका झाल्या. तारेचं कुंपण घातलं, गुरं बंद केली, आणि फुलं कमी दिसू लागल्यावर ते कुंपण काढायची वेळ आली. गुराख्याला आधी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की गुरं चरतात म्हणून गवत माजत नाही आणि बारकी फुलं वर येतात. तरी कासला मर्यादा आहे, गावाचा हात आहे. पण ती मर्यादा पठाराच्या हद्दीपुरती. यवतेश्वरपासून कासपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना काय उभं राहिलंय, ते गाडीची काच खाली करून बघा. पठारावर तीन हजार आणि रस्त्याला कितीही, याला मर्यादा म्हणत नाहीत.

साहेब, राग नोटिशीचा नाही फक्त. माझ्या आजेसासऱ्यांचं घर शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे. कोयना धरण झालं तेव्हा कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे, आणि ज्यांना माती सोडवली नाही ते पाण्याच्या वर सरकले. आम्ही त्या वर सरकलेल्यांपैकी. कोयनेतून १९६० मेगावॅट वीज होते, आणि धरणाच्या काठच्या गावांनी कितीतरी वर्षं कंदिलावर काढली. पुढे अभयारण्य आलं. मग २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राहिलंच पाहिजे, ते आम्हीच राखलंय. पण प्रत्येक वेळी एकच झालं, राज्याला किंवा देशाला गरज पडली आणि आम्ही बाजूला झालो. वीज पाहिजे, सरका. वाघ पाहिजे, सरका. आता शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारी थंड हवा पाहिजे, पुन्हा सरका. या वेळी वर सरकायला जागा नाही. वर रिसॉर्ट आहे.

आणि डोंगर किती सोसेल? जुलै २०२१ विसरलात का? त्या २२ जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी घरांवर आल्या. माणसं चिखलातून काढावी लागली. तो उतार आणि आमचा उतार एकाच सह्याद्रीचा. पश्चिम घाट कसा वाचवायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. तो जड वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती, तिचा अहवाल २०१३ चा. मग २०१४ पासून घाटाचा भाग संवेदनशील म्हणून जाहीर करायच्या अधिसूचनेचे मसुदे. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये अख्खी वस्ती गाडली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचा १७,३४० चौरस किलोमीटर भाग आहे. दहा वर्षांत सहा मसुदे! एवढ्या काळात माझ्या पाठीमागचा डोंगर विकला गेला, कापला गेला, त्यावर पाया ओतला गेला. बिल्डरचा नकाशा महिन्यात मंजूर होतो आणि डोंगर वाचवायचा कागद दशकभर दिल्ली-मुंबई करतो. मग कायदा नक्की कुणासाठी आहे? तो फक्त पत्र्याच्या शेडपर्यंत पोचतो. डांबरी रस्ता सोडून चढण चढायची वेळ आली की थांबतो.

मागणं फार नाही. गावठाणात, स्वतःच्या राहत्या घराला लागून, स्वतः राहून दोन-चार खोल्या चालवणाऱ्या कुटुंबांना वेगळा, सोपा नियम करा आणि तो होईपर्यंत आमच्यावरची कारवाई थांबवा. या २३५ गावांतले झरे आधी मोजा, त्यांना पाणी देणारं पठार नकाशावर दाखवा आणि तिथे खोदकामाला परवानगीच देऊ नका, कितीही मोठ्या माणसाचा प्रकल्प असो. आमच्या झऱ्यावरचा भराव ज्याने टाकला त्याच्याकडूनच काढून घ्या. आणि विकास आराखडा ठरवताना ग्रामसभेचा ठराव नुसता फाइलला जोडू नका, गाव नाही म्हणालं तर नाही म्हणजे नाहीच धरा.

तुम्ही याल तर सप्टेंबरात येऊ नका. तेव्हा सगळंच हिरवं असतं आणि सोबतचे लोक फुलांसोबत तुमचे फोटो काढतील. एप्रिलच्या अखेरीला या, भूजलवाल्यांना घेऊन या, आणि गाडी खाली ठेवून झऱ्यापर्यंत चालत या. वाट मी दाखवीन. गावाचं आणि माझं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण नाव लिहिलं की शेड उद्याच पाडतील. तुमच्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर दोन्ही आहेत, सोबत नोटिशीची झेरॉक्स आणि झऱ्याचे आधीचे-नंतरचे फोटोही आहेत. उत्तर लेखी पाहिजे. तोंडी आश्वासन पावसाळ्याआधी घेऊन झालंय.

आपली,
जावळी खोऱ्यातली एक शेतकरी बाई
जि. सातारा