कानातलं पाणी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

ईशानच्या कानाचा रिपोर्ट पाहिला. कानाच्या पडद्याची हालचाल दाखवणारा आलेख सपाट आहे, म्हणजे पडद्यामागे पाणी साठलंय. माझी नोकरीच कान तपासण्याची होती, असे आलेख सर्दीच्या दिवसांत ढिगाने यायचे. म्हणून मला धसका बसला नाही. तुला बसणारच.

बाळांची नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती सुजली की कानातला द्रव निचरत नाही. ठणका थांबला, ताप उतरला, तरी तो आठवडेच्या आठवडे राहतो. बहुतेकांचा तीनेक महिन्यांत आपोआप जिरतो.

तोवर साधारण २५ ते ३० डेसिबलने कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत बोटं घालून टीव्ही ऐकून बघ. ‘आ’, ‘ओ’ कळतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ गळतात. त्यातही आज बरं, उद्या मंद. म्हणूनच दार आपटलं की तो दचकतो आणि तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस की ढिम्म! हट्टी नाही गं तो.

पाणी निघून जायला पडद्यात लगेच बारीक कृत्रिम नळी बसवून घ्यावी का, असं विचारलंस. घाई नको. अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. जॅक पॅराडाइज यांनी असंच पाणी टिकून राहिलेल्या ४२९ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला लगेच नळ्या, दुसऱ्याला काही महिने थांबून, तेही गरज पडली तर. २००१ साली निकाल आला: मुलं तीन वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या बोलण्यात, समजेत फरक नाही. पुढे ९ ते ११ वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हाही नाही. अर्थात ती एरवी निरोगी मुलं होती. टाळू दुभंगलेल्या बाळाला हा हिशेब लागू नाही.

मला भीती वेगळीच वाटते. ‘पाणी आहे, जाईल’ म्हणता म्हणता मागे नसेचा बहिरेपणा लपून राहतो. जन्मानंतरची कानाची तपासणी ‘पास’ होती ना? फाईल काढून बघ. तीन महिन्यांनीही पाणी असेल तर पूर्ण श्रवण तपासणी करायचीच. आणि येत असलेले शब्द बोलेनासा झाला, किंवा दोन वर्षांचा होऊनही ‘दूध दे’सारखं जोडून बोलला नाही, तर थांबू नकोस.

सध्या त्याच्याशी समोर बसून, जवळून बोल. टीव्ही बंद. त्याने ‘बा’ म्हटलं की जरा थांबून उत्तर दे. आडवं निजवून बाटली देऊ नकोस. जावईबापूंची सिगारेट गॅलरीतलीसुद्धा नको, हे मी सांगितलं म्हणून सांग. सासूबाईंना दुखवू नकोस, पण कानात तेल घालू देऊ नकोस. तेल पडद्याच्या अलीकडे राहणार, पाणी पलीकडे. आणि पडद्याला भोक पडलेलं असलं तर ते आत जाऊन नुकसानच करेल.

आई पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय. दिवसभर बोलत असते, नातवाला तरी त्याचा उपयोग होऊ दे.

तुझे बाबा