दोन तास कोणासाठी?

संपादक महोदय,
प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज दोन तास अभ्यासाला बसवावे, असा सल्ला देणारा लेख रविवारच्या अंकात वाचला. सवय लहानपणीच लागते हे मान्य, दोन तास मात्र मान्य नाहीत. केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास सांगितले आहेत. लेखकाने आठवड्याचा शिधा एका संध्याकाळी वाढला आहे.

माझा नातू तिसरीत आहे, गुजराती माध्यमात. तासभर बसवले की पहिली वीस मिनिटे पाढे होत. मग पेन्सिलीला टोक काढणे, पाणी पिणे, खोडरबर शोधणे. शेवटी आम्ही वेळच कमी केला. दिवेलागणीनंतर वीस मिनिटे, जागा तीच, झोपाळ्यापासून लांब, टीव्ही बंद (माझ्या मालिकेसकट). उठण्यापूर्वी उद्याचे दप्तर तो स्वतः भरतो. पहिल्या आठवड्यात दोनदा कंपासपेटी घरीच राहिली; आम्ही ती पोचवायला गेलो नाही. आता आठवण करावी लागत नाही.

सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत पाठवले नाही तर दंड पालकांना होता. घरच्या अभ्यासातही नियम आधी मोठ्यांनाच लावावे लागतात. त्या वीस मिनिटांत मोबाइल बाजूला ठेवणे आमच्याकडे अजून नातवाच्या बाबांनाच जमलेले नाही.

– एक आजी, दांडिया बाजार, बडोदे