चिलटं पाळायला गेलेली पोरगी

बंगळुरू, 28 जून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘पाऊस लागला का’ यापुढे सरकत नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय एक गोष्ट अशी आहे की फोनवर सांगितली तर आई फोन बाबांच्या हातात देईल आणि बाबा पुन्हा आईच्या.

आई, आंब्याच्या अढीवरची चिलटं तू पदरानं हाकलतेस ना, तीच आमच्या प्रयोगशाळेत पाळलीत, इथे त्यांना माशाच म्हणतात. एकेका पिंजऱ्यात हजाराच्या वर. मी कीड मारायचं औषध शोधतेय असं तू मावशीला सांगितलंस म्हणे. अगं, आम्ही त्यांना रांधून घालतो! पिकलेली केळी, जवाचं पीठ, यीस्ट, गूळ आणि घट्ट व्हायला अगर नावाची पूड. पातेलंभर शिजवायचं, निवत आलं की बुरशी धरू नये म्हणून औषध घालायचं आणि काचेच्या नळ्यांत ओतायचं. पहिल्या दिवशी ढवळायचं काम माझ्याकडे आलं. गूळ विरघळला तसा गुऱ्हाळाचा वास सुटला आणि मला उगाच भरून आलं. बाबा, गूळ काळपट होता. तुम्ही खडा फोडून बघितला असतात आणि ढेप परत पाठवली असती. माशांची काही तक्रार नाही.

आता काम काय ते. शाळूची काढणी झाली की तुम्ही बियाण्याची कणसं निवडून आढ्याला टांगता. इथेही तेच, फक्त पिढी वर्षाची नसून दोन-तीन आठवड्यांची. काही कुळांत कोषातून आधी बाहेर पडणाऱ्या माशांनाच पुढच्या पिढीचे आई-बाप व्हायला मिळतं. त्यांच्याच भाऊबंदांची दुसरी कुळं शेजारी आहेत, त्यांत ही घाई नाही. 25 अंशांवर अंड्याची माशी व्हायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. कित्येक पिढ्या निवडलेली कुळं आता एक दिवसाहून जास्त आधी येतात.

हे मोजायचं म्हणजे माशा यायला लागल्या की दिवसरात्र दर दोन तासांनी नळ्या बघायच्या. आई, रात्री दोनला मी ‘ऑनलाइन’ दिसते ती यामुळे. नुकती बाहेर पडलेली माशी फिकट असते, पंख चुरगळलेले, ओल्या रुमालासारखे. पोटावर एक काळसर ठिपका दिसतो, अळी असतानाच्या जेवणाचा उरलेला. बघता बघता पंख सरळ होतात. पहाटे चारला सगळी इमारत झोपलेली असताना हे मी एकटी बघत असते.

तिसऱ्या रात्री मात्र गजर बंद करून झोपले ती थेट सहाला उठले. चारचा रकाना रिकामा. सहाचे आकडे दोन्हीकडे वाटून टाकले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि पेन हातात घेतलं होतं हेही कबूल करते. शेवटी ‘झोपले’ असं लिहिलं आणि मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. तेवढंच राहू दे.” पीएचडी करणाऱ्या मल्याळी ताईनं तिच्या जुन्या वहीतलं असंच एक पान काढून दाखवलं.

तर या घाईच्या माशांची गंमत अशी की त्या अंगानं बारक्या राहतात, माद्या अंडी कमी घालतात आणि नळीत गर्दी झाली की त्यांच्या अळ्या मागे पडतात. हे वाचलं तेव्हा बाबांचं वाक्य आठवलं, लवकर येणाऱ्या वाणाला कडबा कमी. माशांवरून माणसांचे निष्कर्ष काढायचे नाहीत हे इथे पहिल्याच आठवड्यात बजावतात. म्हणून मी काढत नाही. तुम्हाला काढायचे तर काढा.

आई, तू विचारलंस, हे संपतं कधी? अमेरिकेत कॅलिफोर्नियाला रिचर्ड लेन्स्की या शास्त्रज्ञांनी 1988 साली ई. कोलाय नावाचे आतड्यातले जिवाणू 12 चंबूंत वाढवायला घेतले, ते अजून चालू आहेत. दर 500 पिढ्यांनी थोडे गोठवून ठेवतात, म्हणजे पूर्वज पुन्हा जागे करून नातवंडांशी तुलना करता येते. 31,000 पिढ्या उलटल्यावर त्यातल्या एका चंबूतले जिवाणू ऑक्सिजन असतानाही सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, खायला लागले. एरवी त्यांना ते जमत नाही. माशांना इतकं सहज गोठवून ठेवता येत नाही, त्यामुळे दिवाळी असो की लग्न, कुणीतरी येऊन त्यांना नव्या नळीत घालावंच लागतं. आपल्या म्हशीसारखंच.

आता ती गोष्ट. मला पीएचडी करायची आहे. पाच वर्षं, कदाचित सहा. बाबांचा गुडघा, आईचं बीपी, आणि मी धाकटी, सगळ्यांचं उरकलं तरी राहिलेली, हे सगळं मोजूनच लिहितेय. स्टायपेंड मिळतो, तुमच्याकडे मागावं लागणार नाही. पण पैशांचा प्रश्न तुम्ही काढणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही काही न बोलता गोठ्यात जाल, त्याची भीती वाटते.

14 जुलैला इथून राणी चन्नम्मानं निघते, दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरेन. बाबांनी मोटरसायकल काढायची नाही, मी एसटीनं येईन. अर्जाचा फॉर्म छापून आणतेय. त्यावर आई-वडिलांची सही लागत नाही. तरी आणतेय.

तुमची,
धाकटी