एमिलीच्या दुकानातलं मांजर

कँटरबरी, इंग्लंड

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा पाठवलेल्या फोटोतलं ते गुलाबी पट्ट्यांचं ढेरपोटं मांजर कसलं, असं आईनं विचारलं होतं. फोनवर सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहिते.

ते कापडी मांजर, नाव बॅगपस. १९७४ साली बीबीसीवर लहान मुलांसाठी त्याची मालिका लागली. भाग फक्त १३, पण पुढे कितीतरी वर्षं तेच पुन्हा पुन्हा दाखवत राहिले. तेव्हा इथे वाहिन्या तीनच. आपल्याकडे दूरदर्शनवर जे लागेल ते सगळी आळी बघायची, तसंच इथलं.

बाबा, तुम्हाला आवडेल ते हे की यात स्टुडिओ वगैरे काही नव्हता. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन हे दोघे मित्र. फर्मिन यांचं शेत इथून जवळच, ब्लीन गावात. तिथल्या गोठ्यात सगळा कारखाना. बाहुल्या आणि देखावे फर्मिन करायचे. लिहिणं, चित्रण आणि निवेदन पोस्टगेट यांचं. मांजराचा पंजा केसभर सरकवायचा, कॅमेऱ्यात एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर. मांजर खरं तर नारिंगी व्हायचं होतं. कापड रंगवताना घोटाळा झाला, गुलाबी निघालं, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं! मालिकेच्या सुरुवातीला जुन्या फोटोंत दिसणारी एमिली, म्हणजे गोष्टीतली दुकानवाली मुलगी, ही फर्मिन यांचीच लेक.

या एमिलीच्या दुकानात विकायला काहीच नाही. कुणाची हरवलेली, मोडकी वस्तू ती आणून मांजरापुढे ठेवते. मांजर जागं झालं की तपकिरी चित्रात रंग भरतो, मग गाणारे उंदीर आणि बाकीची खेळणी मिळून ती वस्तू झाडूनपुसून नीट करतात आणि खिडकीत ठेवतात. ज्याची असेल त्याला जाता-येता दिसावी म्हणून. मला तुमचा स्क्रू-वॉशरचा पत्र्याचा डबा आठवला. काहीही टाकून द्यायचं नाही, हे मी तुमच्याकडेच शिकले.

मूळ बॅगपस इथल्या बीनी संग्रहालयात काचेआड आहे. माझ्याबरोबर कामावरची एक मैत्रीण आली होती, पंचावन्न तरी असेल. बघता बघता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "दुपारी जेवणं झाली की आई इस्त्री करत असायची आणि मी हे बघायचे." मला वाटतं, या लोकांना ओढ आहे ती त्या आवाजाची. पोस्टगेट घाई करत नाहीत, आरडाओरडा करत नाहीत. मुलं शांत बसून गोष्ट ऐकतील, असा त्यांना भरवसा होता. आजच्या कार्टूनांत मला तो भरवसाच दिसत नाही.

आई, तुझ्यासाठी मात्र मी याच दोघांची दुसरी मालिका निवडली आहे, क्लँगर्स. १९६९ची, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षीची. एका चिमुकल्या ग्रहावर राहणारे उंदरासारखे लांब नाकाचे प्राणी, फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी गुलाबी लोकरीत विणलेले. ते नुसत्या शिट्ट्यांनी बोलतात, आणि रागावले, लाजले, सगळं कळतं. अधूनमधून इंग्रजी निवेदन आहे, पण त्यावाचून काही अडत नाही. तू तर आधी टाकेच बघशील, मला माहीत आहे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर एक भाग लावते. बाबांना चष्मा घेऊन बसव. जेमतेम दहा मिनिटांचा आहे, चहा होईपर्यंत संपेल.

तुमची,
मनू