अण्णा, इथेही लाइन लागते

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

असंच लिहायचं असतं ना? शाळेतल्या निबंधानंतर पहिल्यांदाच लिहितेय. व्हॉट्सॲपवर टाकतेय पण पत्रच समजा, ताईला सांगा प्रिंट काढून द्यायला, मोबाइलवर एवढं वाचत बसलात तर डोळ्याला पाणी येईल आणि आई मला बोलेल.

परवा कॉलवर मी म्हणलं की दर गुरुवारी फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, वाटपाच्या कामाला जाते आणि लाइन फार वाढलीय, तर तुम्ही हसलात. "कॅनडात रेशनची लाइन? काहीतरीच सांगू नको." मग आईनं विषय बदलला, तिळगुळाचं पार्सल पोचलं का म्हणून. (नाही पोचलं अजून.) मी पण गप्प बसले, पण ते डोक्यात राहिलं बघा. तीस वर्षं रेशन दुकान चालवलेल्या माणसाला मला हे समजावता येत नसेल तर मग कोणाला येणार.

पहिली गोष्ट म्हणजे हे रेशन नाही. सरकारचं नाही, कार्ड नाही, कोटा नाही, तालुक्याच्या गोडाऊनवरनं ट्रक येत नाही. दुकानदार, शेतकरी, कंपन्या, शाळेतली पोरं, कोणी काय देईल ते एका मोठ्या वेअरहाउसला जमा होतं, तिथनं आमच्यासारख्या छोट्या सेंटरांना वाटून येतं, आणि उरलेलं देणगीच्या पैशातनं विकत घ्यायचं. कॅनडातली पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटनला सुरू झाली, मंदी होती म्हणून तात्पुरती. तात्पुरती म्हणजे आपल्या एसटी स्टँडवरच्या पत्र्याच्या शेडसारखी. अजून उभीच आहे, आणि तिच्यासारख्या देशभर शेकड्यांनी झाल्यात.

आमचं सेंटर एका चर्चच्या तळघरात आहे. मी २०१९ ला जायला लागले तेव्हा साठ-सत्तर घरं यायची, बाकीचा वेळ आम्ही चहा पीत डबे लावत बसायचो. आता गुरुवारी अडीचशेच्या पुढे जातं. दार चारला उघडतं पण लोक दोनपासनं बाहेर, आणि बाहेर म्हणजे मागच्या आठवड्यात उणे १४ होतं, लहान पोरं स्ट्रोलरमध्ये प्लास्टिकच्या कव्हरखाली. आता आम्ही अपॉइंटमेंटची वेळ देतो तरी लोक आधी येऊन थांबतातच, माल संपेल ही भीती. ते तुम्हाला मी काय सांगायचं, रॉकेलचा टँकर यायच्या दिवशी आपल्या दारात रात्रीच डबे लागायचे की.

आणि हे आमच्या एका तळघराचं नाही. दरवर्षी मार्च महिन्यात देशभरच्या फूड बँका मोजदाद करतात. मार्च २०१९ ला त्या एका महिन्यात लोकांच्या अकरा लाखांच्या आत खेपा झाल्या होत्या, मार्च २०२५ ला जवळपास २२ लाख. सहा वर्षांत दुप्पट. टोरांटो शहराची वस्ती तीस लाखांच्या आसपास, तिथे कोविडच्या आधी वर्षाला दहाएक लाख खेपा व्हायच्या त्या आता ४० लाखांच्या वर गेल्यात. २०२४ संपता संपता आधी टोरांटोशेजारच्या आमच्या मिसिसागानं आणि मग टोरांटोनं ठराव करून जाहीर केलं की अन्नाच्या बाबतीत शहरात आणीबाणी आहे. आणीबाणी हा शब्द बघून मला आपला ७२ चा दुष्काळ आठवला, म्हणजे मी नव्हते तेव्हा, पण आजी सांगायची ना, खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, ती लाल मिलो ज्वारी खाऊन पोटं बिघडायची. तसलं इथे काही दिसत नाही हो. दुकानं भरलेली आहेत. पाच प्रकारची सफरचंदं आहेत. लाइनीतल्या माणसाच्या अंगात चांगलं जाकीट असतं, हातात फोन असतो, काहीजण तर कामाचा युनिफॉर्म घालूनच येतात. म्हणूनच तुम्हाला खरं वाटत नाही, मलाही पहिली दोन वर्षं नीट कळलं नव्हतं.

कळलं ते असं की पैसा सगळा भाड्यात जातो. घरभाडं भरलं नाही तर बाहेर काढतात, विजेचं बिल भरलं नाही तर वीज जाते, मग कात्री कुठे लावणार, जेवणावर. २०२२ मध्ये किराणा जवळपास दहा टक्क्यांनी महागला, चाळीस वर्षांत एवढं झालं नव्हतं. त्याच वर्षी मार्चपासनं इथल्या रिझर्व्ह बँकेनं व्याज वाढवायला घेतलं, पाव टक्क्यावरनं सव्वा वर्षात पाच टक्के, म्हणजे घराचे हप्ते वाढले, म्हणजे घरमालकानं भाडं वाढवलं. आणि एकट्या बेकार माणसाला इथलं राज्य सरकार महिन्याला ७३३ डॉलर देतं, २०१८ पासनं तेवढेच, एका बेडरूमच्या घराचं भाडंच दोन हजाराच्या वर आहे तर ७३३ मध्ये तो काय करेल तुम्हीच सांगा. पण नुसते बेकारच येतात असं नाही. येणाऱ्या पाचातला जवळपास एक नोकरीवाला आहे, आणि तीनातलं एक लेकरू. दर नाताळाला आमच्याकडे टुनाच्या डब्यांची खोकी आणून देणारे एक गृहस्थ होते, ऑक्टोबरमध्ये ते आले, मी नेहमीसारखं खोकं घ्यायला हात पुढे केला, तर त्यांच्या हातात खोकं नव्हतं, नाव नोंदवायचा फॉर्म होता.

माझं काम काय विचाराल तर तुमचंच. मापारी! मोठी तांदळाची पोती येतात, ती फोडून दोन-दोन पौंडाच्या पिशव्या करायच्या. पहिल्या दिवशी मी काट्यावर तोलून भरत होते तर आमची मुख्य बाई म्हणाली अंदाजानं भर, लाइन खोळंबलीय. मला नाही जमलं. हात आपोआप काट्याकडे जातो. तुम्ही म्हणायचात ना की गिऱ्हाईक काटा बघत असतं, आपलं तोंड नाही. शेवटी तिनं मला तांदळाचं खातं कायमचं देऊन टाकलं. मसूर पण माझ्याकडेच, आणि गंमत म्हणजे ती मसूर इथल्याच सस्कॅचवान राज्यातली, तिकडनं जहाजं भरून भारतात जाते, तुम्ही बार्शीच्या बाजारातनं आणता ती पण कदाचित तीच असेल, तिखट-मीठ घालून परत मला सांगता इकडच्या डाळीला चव नाही.

आता जानेवारी वाईट असतो. नाताळात सगळ्यांना दया येते, डिसेंबरात डबे ठेवायला जागा नसते, आणि जानेवारीत फळ्या मोकळ्या. अंडी डझनानं द्यायचो ती सहावर आली, आता माझ्या शेजारची म्हातारी दिवसभर डझनाचे खोके मधोमध कापत असते. आधी दर आठवड्याला या म्हणायचो, मग पंधरा दिवसांनी, आता महिन्यातनं एकदा करायचं चाललंय.

आणि अण्णा, एक गोष्ट मला फार लागते. तुमच्या दुकानात भांडणं व्हायची. आठवतं का ती वेशीजवळची म्हातारी, माझ्या कार्डावर पाच माणसं आहेत आणि तू चाराचं कसं देतोस म्हणून ओट्यावरच बसायची, तहसीलदाराकडे जाईन म्हणायची, आणि तुम्ही घरी येऊन जेवताना चिडचिड करायचात, आई वाढता वाढता हसायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. आता वाटतं काय बाई होती. तिला माहीत होतं की पिवळ्या कार्डावरचा गहू तिचा आहे, तुमच्या घरचा नाही. इथे कोणी भांडत नाही. मी सहाच अंडी दिली तर लोक थँक यू म्हणतात. मी म्हणलं आज दूध संपलं तर मलाच सॉरी म्हणतात. एवढ्या वर्षांत एकानंही काउंटरवर हात आपटला नाही. कसा आपटेल, इथे कोणाचा हक्कच नाही, दिलं तर दिलं. मला कधीकधी वाटतं कोणीतरी यावं आणि माझ्याशी मस्त भांडावं.

आपली पोरंही येतात. म्हणजे भारतातली, शिकायला आलेली. एका तळघरात सहा-सहा, सात-सात राहतात, पाळीनं झोपतात. दोन-तीन वर्षांपूर्वी काही पोरांनी व्हिडिओ टाकले होते की बघा फुकट किराणा कसा मिळवायचा, महिन्याचे इतके वाचवा, आणि ते सगळीकडे फिरले, आणि मग काही ठिकाणी फूड बँकांनी परदेशी विद्यार्थ्यांना दारच बंद केलं. आमच्याकडे पण मीटिंग झाली. एकजण म्हणाले की ही मुलं पैसे दाखवून व्हिसा घेतात ना, मग इथे कशी, आणि खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली, जसं काही व्हिडिओ मीच काढला होता. राग मला त्या व्हिडिओवाल्यांचा पण आला, खोटं कशाला सांगू. पण उणे १४ मध्ये दीड तास उभं राहून पाच बटाटे आणि एक पीनट बटरची बरणी कोणी मजा म्हणून नेत नाही, एवढंच बोलले मी. दार बंद नाही झालं आमच्याकडे. पण मीटिंगनंतर चहाला कोणी थांबलं नाही.

त्यातलाच एक पोरगा. सप्टेंबरची गोष्ट. शेल्फसमोर उभा राहून फोनवर कोणाला तरी मराठीत सांगत होता, "भोपळा आहे रे, डब्यातला. अख्खा डबा भोपळा." मला हसूच फुटलं आणि मी पटकन बोलून गेले, घेऊन जा, गूळ आणि कणीक घालून घारगे कर त्याचे, मस्त होतात. तो असा दचकला की विचारू नका. फोन बंद केला, हो ताई म्हणाला, लातूरकडचा वाटला बोलण्यावरनं, डबा घेतला आणि मान खाली घालून गेला. त्यानंतर आलाच नाही. मी इंग्रजीतच बोलले असते तर तो आला असता. आता मराठी कानावर आलं तरी मी तांदळात डोकं घालून बसते.

म्हणून ताईच्या बाळ्याचं सांगते. दाजी म्हणतात एजंटनं सगळं पक्कं केलंय, कॉलेज, राहायचं, पार्टटाइम काम. त्याला यायचं तर येऊ दे, मी कोण नको म्हणणारी, मी स्वतः आलेय. पण हिशोब नीट करा. आधी राहण्या-खाण्याचे दहा हजार डॉलर दाखवले की व्हिसा मिळायचा, हा आकडा सरकारनं वीस वर्षं बदललाच नव्हता, २०२४ पासनं २०,६३५ केला, म्हणजे तेव्हाच्या भावानं आपले साडेबारा लाखांच्या आसपास, फी वेगळी, आणि आता त्याहून वाढवलाय. ते पैसे खरोखर खर्चाचे आहेत, दाखवायचे नाहीत. एजंट लोक कुठनं तरी उसने फिरवून खात्यात दाखवतात आणि पोरगं विमानात बसलं की काढून घेतात, तसलं काही करू नका. आणि कॉलेज चालू असताना आठवड्याला २४ तासच काम करता येतं, तेही मिळालं तर, गेल्या वर्षी आमच्या इथे एका दुकानाच्या दोन जागांसाठी पोरांची लाइन कोपऱ्यापर्यंत होती. बाळ्या आला तर आमच्याकडे राहील, तो प्रश्नच नाही. पण गावातली बाकीची पोरं कुठे राहणार? दाजींनी ज्यांना ज्यांना त्या एजंटचा नंबर दिलाय त्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.

आमची काळजी करू नका. यांची नोकरी ठीक आहे, घराचा हप्ता वाढलाय, बाहेरचं खाणं बंद केलंय, बस. मी फुशारकीनं सांगत नाही पण घरी भाकरी करायला लागलेय, ज्वारीचं पीठ इथे सोन्याच्या भावानं मिळतं तरी.

आता मुद्द्याचं, खरं म्हणजे याच्यासाठीच एवढं टाइप केलंय. येत्या बुधवारी आमची परत मीटिंग आहे आणि ठरवायचंय की माल पुरत नाही तर काय करायचं. अर्धे म्हणतात नवीन नावं घेणं बंद करा, जे आधीपासनं येतात त्यांना तरी पोटभर द्या. अर्धे म्हणतात सगळ्यांना घ्या आणि पिशवी लहान करा, मग ती पिशवी दोन दिवसात संपली तरी चालेल. मला हात वर करायचाय आणि मला कळत नाही कुठे करायचा. तुमच्याकडे कितीदा कोटा कमी यायचा, दिवाळीची साखर अर्धीच यायची. मी तेव्हा लहान होते, ओट्यावर बसून पावत्यांवर शिक्के मारायचे, पण तुम्ही वाटणी कशी करायचात ते कधी बघितलंच नाही. पहिल्यांदा येईल त्याला पूर्ण द्यायचात का सगळ्यांचं थोडं थोडं कापायचात? आणि शेवटी जो राहायचा त्याला काय सांगायचात? कापायचात तर किती, आणि त्या म्हातारीचं पण कापायचात का?

व्हॉइस मेसेज करा, टाइप करत बसू नका. बुधवारी संध्याकाळी सहाला मीटिंग आहे, म्हणजे तुमच्याकडे गुरुवार पहाटेचे साडेचार, त्याच्या आधी पाठवा.

आईला नमस्कार. तिळगूळ आला की फोटो टाकते.

तुमची
बेबी